सासूबाईंच्या मिरचीच्या फांद्या पाण्यात ठेवून राहिली, मुळ्या काहून फुटत नाहीत?

सांदवाडी (भिवापूर तालुका)

नमस्कार जी सगळ्यांना.

आमच्या सांदवाडीत न्हाणीच्या पाण्यावर जगलेलं मिरचीचं एक झाड आहे. चौथं वर्ष लागलं त्याला. सासूबाई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे वाळत घातलेल्या मिरचीच्या खळ्यावर, देठं खुडायला जात, तिथून पदराला बांधून आणलेल्या बियांचं हे झाड. वीसेक रोपं निघाली होती. सगळ्यांची मिरची चाखून, वाळवून, कुटून पाहिली आणि शेवटी हे एक ठेवलं. मिरची बोटाच्या दोन पेरांएवढी, सालीला जाड, पिकली की गडद लाल, आणि वाळल्यावरही तो रंग उतरत नाही. तेव्हापासून आमच्या ठेच्याला दुसरी मिरची लागली नाही.

तुळशीचं लग्न झालं की घराचा पाया खोदायचा आहे. मिस्त्रीनं आखणीची फक्की मारली ती बरोबर झाडावरून गेली. दोन फूटही सरकवता येत नाही म्हणतो.

बी धरून ठेव, असं सगळे सांगतात. धरलं होतं. मागच्या वर्षी याच झाडाच्या बियांची नऊ रोपं केली, त्यांतल्या सहांना लांब, पातळ सालीच्या मिरच्या लागल्या. धुऱ्यापलीकडच्या वावरात दरवर्षी संकरित मिरची असते. सासूबाईंनी त्या मिरच्या हातात घेऊन पाहिल्या आणि काही न बोलता टोपलीत टाकल्या. मला हेच झाड पाहिजे, याच्यासारखं नाही.

मातीत फांदी लावायला सध्या जागाच नाही. अंगणभर विटा, रेती, गिट्टी. कोपऱ्यात जी माती उरली ती काळी, पाणी धरून ठेवते, आणि कोंबड्या उकरतात ते वेगळंच. पावसाळ्यात कुंडीत खोचलेल्या चारही फांद्या बुडाशी काळ्या पडून सडल्या. म्हणून पाण्यात करून पाहते आहे.

पोळ्यानंतर पहिल्यांदा पाच फांद्या पारदर्शक बाटलीत गळ्यापर्यंत पाणी भरून खिडकीत ठेवल्या. दुपारचं ऊन थेट येत होतं. आठ दिवसांत पाणी हिरवं झालं आणि फांद्या बुळबुळीत. दुसऱ्यांदा पाच फांद्या आत घडवंचीवर, पाण्याच्या गुंडीजवळ ठेवल्या. तिथं पानं पिवळी पडून गळली. त्या फांद्यांना फुलं होती, ती मी तोडली नव्हती, जीव झाला नाही. तिसऱ्या खेपेच्या चार फांद्यांना आज बारा दिवस झाले. एक सडली. उरलेल्या तिघींच्या बुडाशी पाण्यातल्या भागावर पांढऱ्या बारीक पुटकुळ्या आल्या आहेत.

हे मूळ आहे की सडण्याची सुरुवात? टमाट्याची फांदी आठवड्यात मुळ्या धरते, मग मिरचीला इतका वेळ काहून लागतो? सासूबाई म्हणतात, जास्वंद लागते, कण्हेर लागते, मिरची फांदीनं लागत नाही. त्यांचं खरं आहे का, हेही सांगा. आज घट बसले, म्हणजे माझ्या हातात सहा आठवडे आहेत.

निवृत्त कृषी सहायक, वर्धा

ताई, त्या तीन फांद्या फेकू नका.

खोडाच्या सालीवर हवा घ्यायची बारीक छिद्रं असतात. पाण्यात बुडाली की ती फुगतात आणि पांढऱ्या पुटकुळ्या दिसतात. ते अजून मूळ नाही, पण फांदी जिवंत असल्याची खूण आहे. नखानं हलकेच दाबा. टणक लागलं तर चांगलं. बुळबुळीत लागून साल सरकली, तपकिरी रंग आणि वास आला, तर ती गेली. दोन-चार दिवसांत एखाद्या पुटकुळीतून किंवा पेराजवळून टोकदार पांढरं काही निघालं, तर ते मूळ.

सासूबाईंना सांगा, मिरचीही लागते, फक्त उशिरा लागते. टमाट्याच्या खोडाला मुळ्यांची घाईच असते, जमिनीला टेकलं तरी फुटतात. मिरचीचं खोड लवकर लाकडासारखं होतं. दोन ते चार आठवडे धरून चाला. आणि मिरची एका हंगामाचंच पीक आहे असं आपण समजतो ते आपल्या शेतीच्या सोयीनं. हे झाड मूळ मेक्सिकोच्या बाजूचं, थंडीनं गोठलं नाही तर बरीच वर्षं जगणारं. तुमचं चौथ्या वर्षात आहे यात नवल नाही.

तुमच्या पहिल्या दोन खेपा कशानं गेल्या ते तुम्हीच लिहून ठेवलं आहे. उन्हात बाटली ठेवली की पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात हवा कमी विरघळते. बुडाला श्वास मिळत नाही, सडवणारे जंतू मात्र वाढतात. उजेडामुळे शेवाळ आलं ते वेगळं. घडवंचीवर उलटं झालं, उजेडच नाही. मुळं नसलेल्या फांदीला अन्न पानांतूनच तयार करावं लागतं. त्यात फूल असेल तर असलेली साखर फूल ओढून घेतं. फुलं, कळ्या, बारीक मिरच्या, सगळं खुडायचं, एकही ठेवायचं नाही.

आता नव्यानं करा. फांदी हिरवी पाहिजे, पेन्सिलीहून बारीक, काडीपेटीच्या काडीहून जाड. अगदी कोवळा शेंडा नको, तो मान टाकतो. तपकिरी झालेलं जुनं लाकूडही नको. सकाळी उन्हाच्या आधी काढा, लांबी वीतभराहून कमी, चार ते सहा इंच. नवं ब्लेड घ्या आणि पेराच्या जरा खाली कापा, कारण मूळ बहुतेक पेराजवळच निघतं. वरची दोन-तीन पानं ठेवा. ती मोठी असतील तर अर्धी कापा. पाण्यात एकही पान बुडता कामा नये.

पाणी दीड-दोन इंच, त्याहून जास्त नाही. बाटलीला बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळा म्हणजे आत अंधार राहतो. दर दोन दिवसांनी पाणी पूर्ण बदला, बाटली आतून घासून घ्या. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा, माठातलं गार पाणी नको. जागा अशी की उजेड भरपूर, ऊन अजिबात नाही. ओसरीच्या उत्तरेकडची भिंत चांगली. पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमान तिला मानवतं, ते आपल्याकडे आत्ता आहे. एकदा रात्री गार पडायला लागल्या की सगळं मंदावेल, म्हणून या आठवड्यातच करा.

आता बियांचं. मिरचीत परपरागीकरण बरंच होतं, मधमाशी एका वावरातून दुसऱ्यात जाते. परका पराग आला तरी तुमच्या झाडावरची मिरची तशीच दिसते, कारण साल आईची असते. फरक आतल्या बीमध्ये पडतो आणि तो पुढच्या पिढीत दिसतो. म्हणून तुम्हाला सहा रोपं वेगळी मिळाली. फांदीत हा प्रश्नच येत नाही, ती त्याच झाडाचा तुकडा आहे.

तरी बीसुद्धा धराच, पण अशी. उमलायच्या आधी पाच-सहा कळ्यांवर मलमलची छोटी पिशवी बांधा. फूल आतच फळलं की पिशवी काढून त्या देठाला लाल दोरा बांधा. ते बी स्वतःच्याच परागाचं. झाड मुळातच संकरातून आलं असेल तर त्यातही फाटे फुटतील, पण धुऱ्यापलीकडचं काही येणार नाही.

शेडनेट, उमरेड

काकाजींनी सगळं बरोबर सांगितलं. मी फक्त पाण्याबद्दल थोडं वेगळं म्हणतो.

ताई, आमची रोपवाटिका आहे, मिरची ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये बियांपासूनच करतो. एकरभर लागवड करायची तर फांद्यांचं कुणी करत नाही आणि करूही नये. फांदीच्या झाडाला सोटमूळ येत नाही, बाजूच्या मुळ्या वरवर पसरतात. वाऱ्यात झाड कलंडते, त्याला काठी लागतेच. पण तुम्हाला पाच झाडं पाहिजेत, एकर नाही.

मी दोन वर्षांपूर्वी एका ढोबळी मिरचीच्या फांद्या लावून पाहिल्या, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. पाण्यातल्यांना मुळ्या दिसल्या पटकन, पण लावताना त्या काचेसारख्या तुटल्या. पाण्यातली मुळी नाजूक असते, तिला बारीक केस नसतात, मातीत गेली की तिला पुन्हा नव्या मुळ्या काढाव्या लागतात. कोकोपीटमधली मुळी तशीच ट्रेमधून उचलता येते. तेही मातीशिवायच झालं न.

कोकोपीटची वीट भिजवून दोनदा धुवा, त्यात क्षार असतात. मुठीत दाबलं की एक-दोन थेंब पडावेत, धार नको. चहाच्या कागदी कपाला खाली भोकं पाडून भरा. पेन्सिलीनं आधी भोक करा, मग फांदी ठेवा, थेट खुपसू नका. वरून थंड पेयाच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग टोपीसारखा ठेवा, बूच काढून. आतली हवा ओली राहते, पानं सुकत नाहीत. पण ही टोपी उन्हात ठेवली तर फांदी आत शिजते, हे लक्षात ठेवा.

मुळ्या फुटायची पावडर कृषी केंद्रात मिळते, आयबीए नावाचं संप्रेरक असतं त्यात. कोकोपीटला वापरा, पाण्यात तिचा काही उपयोग नाही, धुऊन जाते. बुडाला चिमूटभर लावून जास्तीची झटकून टाकायची. लोक मध, साखरपाणी सांगतात, ते पाण्यात टाकू नका, सडणं वाढतं.

निम्म्या फांद्या पाण्यात ठेवा, निम्म्या कोकोपीटमध्ये. एकच झाड आहे, सगळं एकाच पद्धतीवर लावू नका. आणि ज्या पाण्यात फुटतील त्या मुळ्या बोटाच्या एका पेराएवढ्या झाल्या की लगेच हलवा, लांब वाढू देऊ नका.

भाजीची वाडी, पवनी

ताई, एक गोष्ट राहिली. फांदी तोडण्याआधी झाडाला चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आखडायचा रोग, आहे का ते पाहा. पांढरी माशी तो विषाणू आणते आणि तो पूर्ण झाडात फिरतो. रोगट झाडाची चांगली दिसणारी फांदी लावली तरी रोग तिच्याबरोबर येतोच. मी वांग्याशेजारच्या मिरचीच्या फांद्या अशाच लावल्या होत्या, सात जगल्या आणि सातही आखडल्या. फार वाईट वाटलं होतं.

दुसरं, घरात कुणी खर्रा खात असेल तर त्यानं फांद्यांना हात लावू नये, लावायचाच तर साबणानं नीट धुऊन. तंबाखूतून केवड्याचा, म्हणजे पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पाडणारा, विषाणू हातानं मिरचीवर जातो. ब्लेडही प्रत्येक झाडाला वेगळं, किंवा साबणानं धुऊन.

सांदवाडी (भिवापूर तालुका)

तुमचं वाचलं आणि कंदील घेऊन रात्रीच झाड पाहायला गेले. सकाळी पुन्हा नीट पाहिलं. न्हाणीच्या बाजूचं सगळं झाड चांगलं आहे. रस्त्याच्या बाजूच्या दोन फांद्यांचे शेंडे आखडले आहेत. पानं खालच्या बाजूला वळलेली, अरुंद, देठ लांब झालेले. माझ्या पोटात गोळा आला. पानाखाली पांढरी माशी दिसली नाही, झाड हलवलं तरी काही उडालं नाही. आता काय समजू?

तिन्ही फांद्या टणक आहेत. बाटलीला कागद गुंडाळून ओसरीत ठेवल्या.

निवृत्त कृषी सहायक, वर्धा

पानं खाली वळलेली आणि देठ लांब, ही बहुतेक कोळी किडीची खूण. डोळ्याला दिसत नाही तो, शेंड्यातला रस शोषतो. फुलकिड्यांनी पान वर वळतं, होडीसारखं. विषाणूचा चुरडा असता तर नवे शेंडे सगळीकडे आखडले असते, पानं बारीक आणि जाड झाली असती, झाडाची वाढ खुंटली असती. तुमचं झाड चार वर्षं फळतं आहे आणि बाकीचं हिरवंगार आहे, म्हणून मी कोळी धरतो.

आखडलेल्या दोन्ही फांद्या कापून जाळून टाका. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला तीन ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही. कडक उन्हात गंधक मारलं तर पानं करपतात. फवारल्यावर मिरची आठवडाभर तोडू नका आणि नंतर धुऊनच वापरा. चांगल्या बाजूच्या बिनफुलाच्या बाजूफांद्या मात्र फवारणीच्या आधीच काढून घ्या, त्या धुऊन लावा.

झाडाची छाटणी झाली की खालून नवे फुटवे येतील. त्यांना फूल नसतं, जोम असतो. दुसरी खेप त्यांची घ्या. आणि खोदायच्या चार दिवस आधी मूळ झाडसुद्धा गुडघ्याएवढं ठेवून छाटा, चांगलं पाणी द्या, मोठा गड्डा धरून पोत्यात काढा. चौथ्या वर्षाचं झाड जगेलच असं नाही, पण ते तिथं खोदून टाकण्यापेक्षा बरं.

सांदवाडी (भिवापूर तालुका)

कोजागिरीनंतर इथं काही लिहिलं नाही, हात रिकामे नव्हते. आता सांगते.

तुमचं वाचून नव्यानं सहा फांद्या काढल्या, तीन पाण्यात, तीन कोकोपीटमध्ये. आधीच्या तीन पाण्यात होत्याच. त्यांतल्या दोघींना एकविसाव्या दिवशी मूळ दिसलं, पुटकुळीतूनच निघालं, तांदळाच्या कणीएवढं. मी सासूबाईंना बोलावलं. त्यांना जवळचं कमी दिसतं. बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "फुटली गं."

नव्या पाण्यातल्या तिघींपैकी एकीला सोळाव्या दिवशी मुळ्या आल्या, एकीला चोविसाव्या, तिसरी वाळली. कोकोपीटमधल्या तिघींचं तर काहीच कळेना. उमरेडच्या भाऊंनी ओढून पाहू नका असं सांगितलं नव्हतं, मी एक ओढली. मुळ्या होत्या, तुटल्या, ती गेली. बाकीच्या दोघींच्या कपाच्या भोकांतून पांढरं टोक बाहेर आलं तेव्हा कळलं. ही खूण सगळ्यांनी लक्षात ठेवावी.

पाण्यातल्या तीन जणींना कोकोपीटमध्ये हलवलं, चौथी बाटलीतच ठेवली. पहिल्या दिवशी तिघींनीही माना टाकल्या, टोपी घातल्यावर दोन उठल्या. तिसरी गेली. म्हणजे आज माझ्याकडे कपात चार आणि बाटलीत एक. छाटलेल्या झाडाचे फुटवे झाड उपटायच्या आधीच काढून घेतले, पाच आहेत, सगळे कोकोपीटमध्येच लावले. पाण्यात डोळ्याला दिसतं म्हणून जिवाला बरं वाटतं, पण झाड करायचं तर भाऊंचंच म्हणणं मला पटलं.

मूळ झाड शुक्रवारी पोत्यात काढलं. गड्डा फुटला थोडा. गोठ्याच्या सावलीत ठेवलं आहे, अजून ना पान ना फुटवा, पण साल खरवडली तर आत हिरवी आहे. आज पाया खोदणं सुरू झालं.

मलमलची पिशवी बांधलेल्या पाच कळ्यांपैकी दोन फळल्या. लाल दोरा बांधला होता, त्या तोडून ठेवल्या.

आता बाटलीतल्या एकीचं विचारायचं आहे. ती मी हलवली नाही, कारण सासूबाईंना रोज सकाळी तिच्या मुळ्या पाहायच्या असतात. चहा घेऊन तिथंच बसतात. ती अशीच पाण्यात किती दिवस जगेल? तिला काही खायला द्यायचं का?

शेडनेट, उमरेड

चुकलं माझं ताई, ओढून पाहू नका हे सांगायला पाहिजे होतं. कप चांगला मुळ्यांनी भरला की गोणीत लावा. निम्मी माती, बाकी वाळू आणि जुनं शेणखत. नुसती काळी माती नको. लावताना काठी सोबतच रोवा, मागून रोवली तर मुळ्या तुटतात. रात्री गार पडून राहिल्या, तर अजून आठ-दहा दिवस कप ओसरीतच असू द्या आणि रोज थोडं थोडं सकाळचं ऊन दाखवा.

बाटलीतली नुसत्या पाण्यावर महिनाभर राहील, मग पिवळी पडेल. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम टाका, तेवढ्यानं थोडे दिवस चालते. पण त्यातलं बरंचसं नत्र युरियाचं असते, ते मातीतले जिवाणू फोडतात तेव्हा झाडाला मिळते. पाण्यात ते जिवाणू कमी. कायमचं पाण्यातच ठेवायचं असेल तर कॅल्शियम नायट्रेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं लागतात, आणि कॅल्शियम नायट्रेट १९:१९:१९ सोबत घट्ट द्रावणात एकत्र करायचं नाही, खाली साका बसतो. आमच्याकडे पुडी आहे, उमरेडला बाजाराला याल तेव्हा थोडं घेऊन जा.

सांदवाडी (भिवापूर तालुका)

येते जी सोमवारी. अर्धा ग्रॅम घरी मोजू कशानं, तेवढं सांगा. आणि ते पाणीही दोन दिवसांनीच बदलायचं का?

निवृत्त कृषी सहायक, वर्धा

पाच ग्रॅम सोनाराकडून तोलून घ्या, एक लिटर पाण्यात विरघळवून झाकून ठेवा. त्यातलं एक वाटी घेऊन नऊ वाट्या साध्या पाण्यात मिसळलं की लिटरला अर्ध्या ग्रॅमचं पाणी तयार होतं. आठवड्यानं पूर्ण बदला, मधे बाटलीतलं कमी झालं तर साध्या पाण्यानं भरा. मुळ्या सगळ्या बुडवू नका, वरच्या तिसऱ्या हिश्श्याला हवा लागू द्या. आणि सासूबाईंनी मुळ्या पाहून झाल्या की बाटलीला कागद परत गुंडाळा.